नऊ खळ्यांचं गोल्फ

मोहनरावांनी फक्त "या" म्हटलं होतं.

आता आपल्याकडं "या" म्हणण्याला काही अर्थ असतो का? एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही आपण उतरताना "या एकदा घरी" म्हणतो आणि पत्ता न देता उतरून जातो. मोहनरावांचं इंदापुरात पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान. गल्ल्यावर बसून त्यांनी हा "या" इतक्या लोकांना वाटला होता, की ते सगळे खरोखर आले असते तर घरापुढं कायमचा मांडवच घालावा लागला असता. पण कुणी आलं नाही. लोकांना कळतं. आणि त्यातून पुण्याचा माणूस! पुण्याचा माणूस दुसऱ्याच्या "या"वर विसंबून गाडीत पेट्रोल भरेल, हे कुणाला खरं वाटलं असतं?

पण भरलं. ते कसं, ते सांगायचं तर आधी मंडळाबद्दल सांगायला हवं.

मंडळाचं नाव बारामती-इंदापूर हौशी गोल्फ मंडळ. (इंदापुरात असाल तर इंदापूर-बारामती हौशी गोल्फ मंडळ. बॅनरच्या एका बाजूला असं आणि दुसऱ्या बाजूला तसं छापलेलं आहे, आणि प्रत्येक फोटो दोनदा काढावा लागतो.) सभासद तीनच. अध्यक्ष मोहनराव. उपाध्यक्ष गोकुळ, बारामतीत कापडाचं दुकान, आणि "आमच्या बारामतीत" हे दोन शब्द लावल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही. आणि कळसचे दादासाहेब, डाळिंबाचे बागायतदार, ज्यांच्याकडं जीप आहे म्हणून ज्यांना कुठलंही पद द्यायची गरज पडली नाही.

गोल्फ या भागात आणलं ते दादासाहेबांनीच. एका बंद पडलेल्या रिसॉर्टचं सामान विकायला निघालं होतं, त्यात त्यांना काठ्यांची एक पिशवी मिळाली. चिंचा पाडायला बऱ्या पडतील म्हणून त्यांनी घेतली. गोकुळनं टीव्हीवर हा खेळ पाहिलेला, त्यानं ओळखल्या. मग एका रविवारी तिघांनी एक बॉल तुडवलेल्या उसाच्या पाचटावर ठेवला आणि आळीपाळीनं मारायला घेतला. दुपारपर्यंत बॉल जागचा हलला नाही, पण तिघं इतके हसले, की दादासाहेबांच्या घरून माणूस बघायला आला, काय झालं म्हणून. त्या दिवशी मंडळ स्थापन झालं.

पुढं ओळखीतून ओळख काढत पुण्यातल्या एका मोठ्या क्लबचे कॅप्टन राजवर्धन साहेब यांच्यापर्यंत वशिला पोचला. (कॅप्टन म्हणजे क्लबचे कॅप्टन, सैन्यातले नव्हेत. हे कळायच्या आत दादासाहेबांनी त्यांना दोनदा सलाम ठोकला होता.) साहेब नियमांचे कडक, आवाज कमी, भुवया जास्त. पण त्यांच्या मेहेरबानीनं आडवारी कधीमधी मंडळाला तिथं पाहुणे म्हणून खेळायला मिळायचं. ती सहल म्हणजे तिघांचा सण. पहाटे जीप निघायची, भिगवणला मिसळ, पुढं वाटभर गोकुळची गाणी, आणि मग ते हिरवंगार मैदान. मोहनराव काठी उगारायचे, डोळे मिटायचे, गिरकी घ्यायचे, आणि डोळे उघडले की बॉल तिथंच असायचा. पण त्या गिरकीच्या क्षणी माणूस इंच, सूत, जीएसटी, उधारी सगळं विसरतो. मोहनराव म्हणायचे, "बॉलचं काय घेऊन बसला? मी जातो की लांब."

तर मागच्या खेपेला निघताना मोहनरावांनी साहेबांचा हात हातात घेतला आणि सवयीनं तोंडातून गेलं, "साहेब, आता एकदा आमच्या ग्राउंडवर या."

साहेबांची डावी भुवई वर गेली. "तुमचं ग्राउंड आहे?"

इथं मोहनरावांनी "तसं बघायला गेलं तर" अशी सुरुवात केली असती तर निभावलं असतं. पण गोकुळ मधे पडला. "म्हंजे काय साहेब! नऊ होलचं हाय!"

"अरे वा," साहेब म्हणाले. "मग एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी येतो. आम्ही चौघं. आमच्या कमिटीचं म्हणणं असतं की बाहेरच्या मंडळींना आपण खेळू देतो ते कशाच्या जोरावर. एकदा तुमचं काम डोळ्यांनी पाहिलं, की मलाही त्यांना सांगता येईल. नाहीतर मग... बघू."

त्या "बघू"नं परतीच्या वाटेवर भिगवणची मिसळसुद्धा कुणाच्या घशाखाली उतरली नाही. ग्राउंड नाही म्हणजे अब्रू गेली, आणि अब्रूबरोबर सहलही गेली.

"नऊ कशाला म्हणालास रं?" मोहनराव म्हणाले.

"अठरा म्हणणार हुतो," गोकुळ म्हणाला. "तुमच्या तोंडाकडं बघितलं आन निम्मे केले."

पण मोहनराव व्यापारी माणूस. माल नाही म्हणून गिऱ्हाईक परत पाठवायचं नसतं, एवढं त्यांना कळत होतं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवच्या बाजूला मोठी जमीन उघडी पडते. त्यांच्या चुलत्यांचं शिवार धरणात गेलेलं, ते दरवर्षी एप्रिलात काठाकाठानं डोकं वर काढतं. ओल असते, बारीक हिरवं गवत उगवतं, मेंढरं ते समान कापतात. पुण्याच्या क्लबात जे काम मशीन करतं ते इथं मेंढरं फुकट करतात, आणि वर खत देतात. लांबवर जुन्या देवळाचं शिखर पाण्यातून बाहेर आलेलं. म्हणजे नेम धरायलाही सोय. मैदान झालं. अडचण एकच होती, ग्रीनची.

ग्रीन म्हणजे प्रत्येक होलच्या भोवतीची जागा. ती तळहातासारखी गुळगुळीत लागते, नाहीतर बॉल भलतीकडंच जातो. अशा नऊ जागा करायच्या कशा? मोहनराव दोन रात्री तळमळले आणि तिसऱ्या दिवशी दुकानात पाइप मोजता मोजता ओरडले, "खळं!"

गिऱ्हाईक दचकलं. पण मोहनरावांना वाट सापडली होती. मळणीसाठी आपले लोक खळं करायचे ते कसं? ढेकळं फोडून, पाणी मारून, चोपून चोपून, वर शेणानं सारवून. त्यावर मोहरी सांडली तरी घरंगळत जाते. आणि खळ्याच्या मधोमध मेढीचा खड्डा असतोच. बैल ज्या खांबाभोवती फिरतात, तो रोवायला. म्हणजे होलसुद्धा आयता!

आता असं खळं करायला येणारं माणूस म्हणजे पळसदेवच्या त्यांच्या चुलती, सरुबाई.

"नऊ?" सरुबाई म्हणाल्या. "आरं मोहन, एवढं पीक कुठं हाय तुझं?"

"पुण्याचे पाहुणे येणार हायत, काकू."

"मळणीला?"

गोल्फ सरुबाईंना समजावून सांगायचं तर दिवस मावळला असता. मोहनराव म्हणाले, "तसंच समज."

(सगळी गडबड या दोन शब्दांत झाली. माणसानं खोटं बोलावं, पण अर्धवट बोलू नये. उरलेलं अर्धं समोरचा स्वतःच्या पदरचं भरतो.)

सरुबाईंनी चार बाया लावून नऊ खळी अशी काही उठवली, की त्यांत तोंड दिसावं. पण हात चालत असताना त्यांचं डोकंही चालत होतं. मळणी तर सगळी मशीनवर होते. पुण्याचे लोक मळणीला कशाला येतील? मग या दिवसांत इतकी सारवलेली, उन्हातली, धूळ नसलेली जागा बाईमाणसाला कशाला लागते? आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी इंदापूरला मोहनरावांच्या बायकोला, कौसल्याबाईंना फोन लावला.

इथं घरची परिस्थिती सांगितली पाहिजे. मोहनरावांचं घर हायवेच्या कडेला. कौसल्याबाई दर उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घालायच्या आणि दर उन्हाळ्यात सोलापूरकडं जाणारे ट्रक त्यावर धूळ उडवायचे. मागच्या वर्षी त्यांच्या कुरडया तळल्यावर दाताखाली कचकचल्या, आणि तेही नेमक्या भावाच्या पानात. "मला एक स्वच्छ जागा द्या वाळवणाला, दुसरं काय मागत न्हाय," हे वाक्य मोहनरावांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यांना ते पंख्याच्या आवाजासारखं ऐकू येईनासं झालं होतं. शिवाय फेब्रुवारीत त्यांनी हॉलमध्ये सराव करताना लोणच्याची बरणी फोडलेली. तेव्हापासून "गोल्फ" हा शब्द घरात बंद. त्यामुळं पुण्याचे लोक, मॅच, खळी, यातलं अक्षर त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं.

आणि आता सरुबाई फोनवर सांगत होत्या, "कौसे, नवरा असावा तर असा! तुज्या वाळवणासाठी नऊ खळी करून घेतली. वर मला म्हणतो पुण्याचे पाहुणे येनार. लाजतोय गं!"

त्या आठवड्यात मोहनरावांच्या घरी चमत्कार घडू लागले. न मागता दुसरी भाकरी ताटात पडू लागली. चहात साखर बरोबर पडू लागली. कौसल्याबाई स्वतःशीच हसायच्या आणि मोहनरावांनी पाहिलं की पदर तोंडाला लावायच्या. घरात आंबूस वास येत होता, तर मोहनरावांना वाटलं मोरी तुंबली. पाइपवाल्याच्या घरची मोरी तुंबावी हे बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी गपचूप सगळे पाइप खोलून परत बसवले. वास गेला नाही. (तो भिजत घातलेल्या गव्हाचा होता. पण पुरुषाच्या नाकाला एवढं कुठलं कळायला?)

शनिवारी रात्री त्यांनी हळूच सुरुवात केली, "उद्या पहाटं मला दौंडला जावं लागंल. पार्टी बघायचीय."

"जा की," कौसल्याबाई म्हणाल्या. "मलाबी उद्या बाहेरच जायचंय."

कुठं, हे त्यांनी विचारलं नाही. पुरुष स्वतः खोटं बोलत असला की दुसऱ्याला प्रश्न विचारत नाही.

रविवारी सकाळी दादासाहेबांची जीप पळसदेवच्या काठावर उतरली. आदल्या संध्याकाळी तिघांनी येऊन सगळ्या खळ्यांच्या मेढी काढून झेंडे रोवले होते. ऊन कोवळं होतं, पाण्यावर बगळे होते, आणि मोहनराव छाती फुगवून म्हणाले, "बघा, पुण्यात तरी असं..."

आणि त्यांची नजर पहिल्या खळ्यावर गेली.

पहिल्या खळ्यावर साड्या अंथरल्या होत्या. हिरवी, डाळिंबी, एक जुनी इरकल, चारी टोकांना दगड. आणि त्या साड्यांवर ओळीनं पांढऱ्याशुभ्र, ओल्या कुरडया. दुसऱ्या खळ्यावर कुरडया. तिसऱ्यावर पापड. लांब शेवटच्या खळ्यापर्यंत नुसतं पांढरं दिसत होतं. कौसल्याबाईंच्या भिशीतल्या सगळ्या बाया फतकल मारून सोऱ्या फिरवत होत्या. मधे चूल पेटलेली, तिच्यावर हंडाभर चीक रटरटत होता. एका झेंड्याला सरुबाईंनी स्वतःची पिशवी अडकवली होती.

"आमच्या बारामतीत," गोकुळ पुटपुटला, "असलं काय न्हाय बघितलं."

तेवढ्यात कौसल्याबाई समोर आल्या. हाताला कोपरापर्यंत चीक, कपाळावर घाम, आणि तोंडावर असं हसू, की मोहनरावांना लग्नातला फोटो आठवला.

"व्हय वो," त्या म्हणाल्या, "दौंड लई जवळ आलं म्हणायचं."

"म्हंजे... ते..."

"राहू द्या. काकूंनी सांगितलं मला समदं. इतकी वर्सं म्हणत हुते, ह्यांच्या कानात शिरतंय का न्हाय. शिरत हुतं." आणि त्यांनी पदरानं डोळ्याची कड टिपली.

मोहनरावांनी तोंड उघडलं. खरं बोलायला म्हणूनच उघडलं होतं. पण गेल्या कित्येक वर्षांत त्या डोळ्यांत त्यांच्या कर्तृत्वानं पाणी आलं होतं ते फक्त बरणी फुटली तेव्हा. त्यांनी तोंड मिटलं.

"उचलून बाजूला ठेवता येतील का गं थोड्या येळ?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"वल्या कुरडया? तुमास्नी कळतंय का काय बोलताय? लगदा हुईल!"

खिशात फोन वाजला. कॅप्टन साहेब. "मोहनराव, भिगवण सोडलं. मैदान तयार?"

"एकदम," मोहनराव म्हणाले आणि खाली बसले.

दादासाहेबांनी सल्ला दिला, की सांगावं गावात मयत झाली. गोकुळ म्हणाला, कुणाची ते आधी ठरवा. पण मोहनराव उठले. त्यांच्या लक्षात आलं होतं, की कुरडया उलटायला जाता यावं म्हणून बायांनी प्रत्येक खळ्यावर साड्यांच्या मधून पायवाट ठेवलीय, वीतभर रुंद, थेट झेंड्यापर्यंत. ते बायकोकडं गेले.

"पुण्याचे पाहुणे येतायत. खरंच येतायत. मोकळ्या रानात जरा खेळतील."

"खेळू द्या की. पर खळ्यावर पाय न्हाय पडला पायजे."

"पाय न्हाय पडायचा. बॉल फक्त त्या मधल्या भोकात जाईल."

"का?"

"खेळच तसा हाय."

"आन दुसरं भोक न्हाय का कुठं त्यास्नी? शिवारभर उंदरांनी केल्यात."

बऱ्याच घासाघिशीनंतर सौदा ठरला. बॉल पायवाटेनं आला तर येऊ द्यायचा. कुरडईला लागला, तर मारणाऱ्यानं तिथंच बसून एक सोऱ्या चीक घालून द्यायचा. आणि निकाल कौसल्याबाईंचा.

पुण्याची मंडळी आली. पांढरे बूट, पांढऱ्या टोप्या. बुटांचा तो पांढरेपणा बघून मेंढरं आपण होऊन बाजूला झाली. साहेबांनी मैदानाकडं पाहिलं, लांबवर देवळाच्या शिखराकडं पाहिलं आणि "बरं आहे" म्हणाले. मग पहिला फटका असा मारला, की बॉल आभाळात दिसेनासा झाला. तो गेला त्या बाजूनं सगळे चालत पहिल्या खळ्याशी पोचले.

साहेबांच्या दोन्ही भुवया टोपीत शिरल्या.

"मोहनराव, हे काय आहे?"

"लोकल कंडिशन, साहेब."

"मी वाळूचा अडथळा पाहिलाय, पाण्याचा पाहिलाय. हे नियमात कशात बसतं?"

"वाळवणात," दादासाहेब गंभीरपणे म्हणाले.

साहेब काही बोलणार इतक्यात कौसल्याबाईंनी सोऱ्या रोखला. "भाऊ, बॉल वाटंनं आना. कुरडईला लागला तर शिक्षा हाय."

कॅप्टन साहेबांना आजवर कुणी मैदानावर शिक्षेची भाषा केली नव्हती. ती ते स्वतः करायचे. ते वाकले, पायवाट नजरेनं मोजली, श्वास रोखला आणि बॉल ढकलला. बॉल इरकल आणि डाळिंबी साडीच्या मधून सरळ चालत गेला आणि भोकात पडला. बायांनी "आ गं बया!" असा एकच गलका केला. एवढ्या वर्षांत साहेबांना अशी दाद कुणी दिली नसावी. क्लबात नुसत्या दोन बोटांनी टाळ्या वाजवतात. साहेबांचा कान लाल झाला.

तिथून खेळ रंगला. पुण्याच्या एका गृहस्थांचा बॉल तिसऱ्या खळ्यावर पापडावर बसला. ते बिचारे मांडी घालून बसले आणि सरुबाईंच्या देखरेखीखाली सोऱ्या फिरवू लागले. त्यांची पहिली कुरडई पाहून सरुबाई म्हणाल्या, "ही राहू द्या. जनावराला घालू." दादासाहेबांना शिक्षा इतक्यांदा झाली, की पुढं पुढं ते बॉल न मारताच जाऊन बसायला लागले.

पाचव्या होलला गोकुळनं "आता बघा बारामती" म्हणत काठी फिरवली. बॉल वर गेला, वाऱ्यानं वळला आणि थेट चुलीवरच्या हंड्यात पडला. बुळ्ळ असा आवाज आला.

साहेबांनी हात वर केला. खेळ थांबला. "पाण्यात पडला तर एक फटका दंड. दलदलीत पडला तर वेगळा नियम. मोहनराव, हा पदार्थ पातळ आहे की घट्ट?"

मोहनरावांनी सरुबाईंकडं पाहिलं. त्यांनी हंडा ढवळला. "आजून शिजतोय. घटकाभरानं घट्ट व्हईल. तवर थांबतासा का?"

"आधी बघावं लागेल," साहेब म्हणाले आणि हंड्यावर वाकले. मग तिथंच थांबले. वास गेला असावा नाकात. सरुबाईंनी जगाची रीत पाळली. वाकून बघणाऱ्याला विचारायचं नसतं, वाढायचं असतं. पळीभर चीक, वर तुपाची धार, साखर. साहेबांनी उभ्यानं पहिला घास घेतला, बसून दुसरा घेतला आणि तिसऱ्याला टोपी काढून बाजूला ठेवली.

"आमची आजी," ते म्हणाले. वाटी पुढं केली. बॉल दुसऱ्या पळीत आला. तो त्यांनी चाटून स्वच्छ करून गोकुळच्या हातात दिला आणि जाहीर केलं, "दंड नाही."

मॅच पुणेकरांनी जिंकली, हे सांगायला नको. मोहनरावांनी नऊ होलांत एकाही कुरडईला धक्का लावला नाही. (बॉल खळ्यापर्यंत पोचला तर लावणार ना!) मग कापडी मांडवाखाली पंगत बसली. धरणातल्या माशांचा रस्सा, ज्वारीची भाकरी, आणि तुटक्या कुरडया ओल्याच तळलेल्या. साहेब जेवता जेवता उभे राहिले आणि बोलू लागले. मोहनरावांनी ते ऐकत हळूहळू भाकरी चघळायची थांबवली.

"जगात बरीच मैदानं पाहिली, पण असं नाही. आमच्या कमिटीला मी सांगणार आहे, की ही मंडळी येतील तेव्हा दार उघडं. आणि खास उल्लेख करायचा तो मोहनरावांचा. महिन्यापूर्वी यांनी मला फोनवर शब्द दिला होता, की साहेब, फक्त तुमच्यासाठी नऊ ग्रीन तयार करतोय. खास तुमच्यासाठी. आणि त्यांनी तो पाळला!"

टाळ्या पडल्या. कौसल्याबाई रश्श्याची पळी घेऊन मोहनरावांच्या ताटापाशी उभ्या होत्या. त्या वाकल्या, पळीतला मासा अलगद पातेल्यात परत सोडला आणि ताटात नुसतं पाणी ओतून पुढं गेल्या.

पाहुणे गेले. बाया भांडी घासायला लागल्या. ऊन उतरलं. मोहनराव शेवटच्या खळ्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. शेजारी कौसल्याबाई कुरडया उलटत होत्या.

"माझ्यासाठी नव्हती तर," त्या मान वर न करता म्हणाल्या.

सहल वाचली होती, अब्रू वाचली होती. आता एवढंच राहिलं होतं. मोहनरावांनी एकदा दौंड आठवून पाहिलं, दुसरी कुठली पार्टी आठवून पाहिली.

"नव्हती," ते म्हणाले.

"ठावं हाय मला."

"कवापास्नं?"

"पहाटं आले तवाच. वाळवणाच्या खळ्यात कुनी झेंडा रोवतं व्हय?"

"मग... ते डोळ्यातलं पाणी?"

"चुलीचा धूर हुता."

"मग बोलली का न्हाईस?"

"म्हनलं बघू, मानूस खोटं बोलत कुठवर जातंय. नऊ भोकं पार केलीत तुमी." आणि इतका वेळ दाबलेलं हसू कौसल्याबाईंना आवरेना. त्या कुरडयांच्या मधे बसून खदखदा हसल्या. पलीकडून सरुबाई ओरडल्या, "काय झालं गं?" तर यांना बोलताही येईना. मोहनरावांनाही मग हसू फुटलं, आधी घाबरत, मग मोकळं.

"ऐका," डोळे पुसत त्या म्हणाल्या. या खेपेला धूर नव्हता. "फुडल्या साली अठरा करा. भिशीतल्या बाया आत्ताच नंबर लावून बसल्यात. पुण्याच्या साहेबास्नी म्या सांगितलंय, वाळवणाच्याच टायमाला या म्हणून. ते व्हय म्हनले."

"म्हंजे तू परस्पर ठरवलंस?"

"तुमीबी परस्परच ठरवलं हुतं की. आन आनिक एक. कुरडयांना उद्याचं पुरतं ऊन लागतंय. आमी निघालो, दुसरा गहू भिजलाय घरी. राखणीला तुमी."

मोहनरावांनी गोकुळला आणि दादासाहेबांना सोबतीला विचारलं. मैत्री अशी, की दोघांनाही सोमवारी एकाच वेळी महत्त्वाची कामं निघाली.

सोमवारी मोहनराव टोपी घालून एकटेच खळ्याच्या कडेला बसले होते. दुपार भरत आली, तसा एक कावळा डाळिंबी साडीवर उतरला. मोहनराव "हाड" म्हणाले. कावळ्यानं एक कुरडई निवडली. मोहनराव उठले, सात नंबरची काठी घेतली, पाय रोवले, डोळे मिटले आणि सगळ्या अंगानिशी गिरकी घेतली. हवेत सूं असा आवाज झाला.

डोळे उघडले तर कावळा तिथंच. भ्यायला तर नव्हताच, उलट थोडा जवळ सरकला होता, कारण अलीकडची कुरडई जास्त कुरकुरीत होती. त्याचंही बरोबर होतं. काल अख्खा दिवस बाभळीवर बसून त्यानं मोहनरावांचा खेळ पाहिला होता.